चादरीचं दुसरं टोक

हां, तर कडक. थांब, थांब पोरी, आधी कडक कोण ते लिही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं म्हातारी चहाचं सांगतेय. कडक हा माणूस. आमच्या धुलाईच्या कारखान्याचा मुकादम. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या चादरी यायच्या आमच्याकडे, ढिगाने. धुवायच्या, पिळायच्या, तापलेल्या रुळातून काढायच्या, घड्या घालून परत पाठवायच्या. त्या सगळ्या पसाऱ्यात हा असा फिरायचा की जणू आत्ताच रुळातून निघालाय. वाफेने आमचे केस कपाळाला चिकटलेले, आणि ह्याची कॉलर आपली ताठ! त्याची बायको म्हणायची, "ह्यांना उशीवर डोकं टेकायचंही जिवावर येतं, घडी मोडेल म्हणून."

हे लहानपणापासूनचं. आईबाप लवकर गेले, थोरल्या भावाने सांभाळला, मग भाऊही गेला. राहिली वहिनी. तिला मूलबाळ नाही. लोक म्हणाले, जा आता माहेरी. ती म्हणाली, "आणि ह्याला कुठे ठेवू? फळीवर?" राहिली ती. दिराला पोटच्या पोरासारखा वाढवला. शाळेचा शर्ट एकच. संध्याकाळी धुवायचा, सकाळी गरम पातेल्याच्या बुडाने दाबायचा. एक सुरकुती राहिली तरी हा उंबऱ्यावर अडून बसायचा. "मुलं हसतील," म्हणायचा. लोक हसतील ही भीती त्याच्या मनात तेव्हापासून बिऱ्हाड करून बसली, आणि भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखी काही केल्या निघाली नाही. बाकी माणूस सोन्यासारखा, हं. ते पण लिही.

वहिनी आमच्याच कारखान्यात, घडीच्या टेबलावर. मीही तिथेच. ती आणि मी जोडी. तिनेच ह्याला मोठा झाल्यावर जुन्या मालकांपुढे उभा केला होता. "पोराला कपड्याची नजर आहे, बघा." ढकलगाडी ढकलण्यापासून सुरुवात केली त्याने, मग पिळायच्या यंत्रावर, मग रुळावर, आणि मग मुकादम. काचेची खोली मिळाली त्याला. त्या दिवशी वहिनीने ती काच स्वतःच्या पदराने पुसली होती.

आता जोडी म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं तिथेच अडलंय. चादर एकटीने घडी होत नाही. रुळातून निघते ती पत्र्यासारखी ताठ, हाताला चटके देणारी. दोघींनी टोकं धरायची, फटकारायची, तिरकी ताणायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक लावायचं. एकीने वरचं घ्यायचं, दुसरीने खाली लोंबणारी घडी झेलायची. आणि तोंडाने चालूच, "ताण," "ये," "घे." "ताण, ये, घे." दिवसभर. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं बायका लहान मुलींसारख्या खेळतायत.

आणि जोड्या आम्हीच लावायचो. एक धावती, एक चालती. असंच म्हणायचो. धावती म्हणजे जिच्या हाताला वेग आहे ती. चालती म्हणजे पोटुशी, म्हातारी, आजारातून उठलेली, घरात कुणी गेलंय म्हणून जिचं चित्त थाऱ्यावर नाही ती. काम जोडीचं धरायचं, एकीचं नाही. कुणी कुणाला उपकार केल्यासारखं दाखवायचं नाही, कारण आज धावती ती उद्या चालती. तुझा बाप पोटात होता तेव्हा मीही चालतीच होते, आणि माझी धावती कोण होती? वहिनी. पुढे तिच्या डोळ्यांची नस सुकत चालली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं जपा. उजेड आणि अंधार कळायचा, माणसाची आकृती कळायची, बस्स. मग मी धावती झाले आणि ती चालती. मी "ये" म्हटलं की ती आवाजाच्या दिशेने यायची, माझ्या हाताला हात लागला की टोक द्यायची. एक घडी वाकडी जायची नाही. तर असं ते.

मग मालक थकले, मुलांना धंद्यात रस नाही, कारखाना विकला. घेतला एका कंपनीने. कितीतरी देशांत तिचे असे कारखाने. मी उगाच नावं ठेवणार नाही, कंपनी आली तसे हातमोजे आले, फरशीवर पाय घसरायचा थांबला, साबणाच्या पाण्याने माझ्या हाताची सालं निघायची ती निघेनाशी झाली. त्यांचं म्हणणं एकच, कुठल्याही देशात जा, आमची चादर उघडली की सारखीच उघडली पाहिजे. त्यात काय वाईट? बरोबरच आहे.

एक दिवस तिकडून मोठ्या बाई आल्या. बरोबर दुभाषी बाई. काचेच्या खोलीत बसल्या, कडक समोर. नवा शर्ट, त्याला त्याहून नवी इस्त्री. हे सगळं मला त्यानेच पुढे सांगितलं, माझ्या दाराच्या पायरीवर बसून, जमिनीकडे बघत.

मोठ्या बाईंनी यंत्रांचं विचारलं, पाण्याचं विचारलं, आणि मग कागद-बिगद बाजूला सारून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. आमची पद्धत सगळीकडे एक आहे, पण प्रत्येक ठिकाणी काहीतरी त्यांचं त्यांचं असतं. आमच्या हातून नकळत मोडू नये असं तुमच्याकडे काय आहे?"

बघ हं, विचारलं त्यांनी. चांगल्या मनाने विचारलं.

आणि नेमकं तेव्हा कडकने काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर मी आणि वहिनी. मी "ये" म्हटलं, तेवढ्यात मला आली शिंक, माझा हात हलला, आणि वहिनीचा हात हवेत चाचपडत राहिला. मान वर, डोळे छताकडे, जशी ती चालायची तशी. चादरीचं टोक फरशीला लागलं. ती हसून ओरडली, "अगं कुठे गेलीस, सासरी?" बायका खिदळल्या. काचेतून मोठ्या बाईही हसल्या.

त्या गंमत वाटून हसल्या असतील. पण कडकचं तसं नाही. त्याला तो उंबरा आठवला, तो सुरकुतलेला शर्ट. त्याला वाटलं, आता ही विचारणार की आंधळ्या बाईला कामावर ठेवता होय? आणि दुभाषी सांगणार की ती ह्यांची वहिनी आहे. तो म्हणाला, "नाही, आमचं वेगळं काही नाही. सगळं तुमच्यासारखंच."

मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, "त्या दोघी एकमेकींना काय हाका मारतात?"

"चेष्टामस्करी. बंद करतो मी."

झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तो असा. एवढ्याशा वाक्याचा दांडा.

मग नवी टेबलं आली. प्रत्येकीचं वेगळं. दुसऱ्या टोकाला चिमट्यांची चौकट, ती चादर धरून ठेवते. आपण एकटीने जायचं, घडी घालायची, परत यायचं. डोक्यावर दिवा. वेग बरा असला तर हिरवा, कमी पडला तर लाल. चौकट चांगली होती गं, दुखणाऱ्या खांद्याच्या बायकांना बरीच पडली. पण चौकट "ये" म्हणत नाही.

वहिनीचा दिवा लाल. रोज लाल. तिला रंग कुठला दिसायला! ती विचारायची, "माझा कसला गं?" आणि आम्ही सगळ्या म्हणायचो, "हिरवा, वहिनी, हिरवागार." ती खूश. "बघा, म्हातारी अजून खमकी आहे." कडक फेरी मारत आला की त्यालाही विचारायची, "काय रे, बरोबर सांगतात ना ह्या?" आणि तो शर्टाची बाही नीट करत म्हणायचा, "हिरवा आहे, वहिनी." आणि वळून असा चालायला लागायचा की जणू मागे कुत्रं लागलंय.

मग एक नवीन मुलगी लागली कामाला. तिला काय माहीत बिचारीला. वहिनीने सवयीने विचारलं, "माझा कसला गं?" ती म्हणाली, "लाल आहे की. कधीपासून लालच आहे."

सगळी टेबलं थांबली. नुसता रूळ घरघरत राहिला. वहिनीने हातातली चादर चाचपून पूर्ण घडी केली, कोपरे जुळवले, ढिगावर ठेवली. हातमोजे काढले, एकात एक घातले. आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर गेली. मी मागे धावले तर म्हणाली, "तू जा. तुझा लाल होईल."

कडक काचेच्या आत उभा होता. बाहेर आला नाही. मी त्याच्याकडे असं पाहिलं की काचेला तडा जायला हवा होता.

पण बघ पोरी, वहिनीला वाटलं ते भलतंच. तिला वाटलं, एवढी मोठी कंपनी, ती कशाला कुणाला विचारतेय! सुट्टीच्या दिवशी कडक तिच्याकडे जेवायला जायचा, वेगळं बिऱ्हाड केल्यापासूनचा नेम. त्या सुट्टीला गेला तर त्याला वाढता वाढता तीच समजूत काढतेय, "तोंड का पाडून बसलायस? तू एकटा काय करणार होतास? तुला कुणी विचारलं का? विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस, मला काय माहीत नाही?" आणि आणखी वाढलं पानात. तो म्हणाला मला, "आजी, घास फिरत होता तोंडात. गिळवेना, थुंकवेना." मला आजी म्हणतो तो, त्याच्या पोरांचं ऐकून. मी त्याच्याहून फार मोठी नाही, पण असो.

पुढे कंपनीने सगळ्या देशांतल्या मुकादमांना एका पडद्यावर जमवलं. ज्याचा त्याचा चौकोन, ज्याचं त्याचं तोंड. प्रत्येकाने आपापल्या कारखान्याचं बोलायचं. बोलता बोलता एक ठेंगणी, जाडजूड बाई उठली, कुठल्या देशाची देव जाणे, आणि दुभाषी सांगत गेली तसा कडक ऐकत गेला. ती म्हणाली, "आमच्याकडे चौकटी आल्या तेव्हा मी म्हटलं, ह्या तीन टेबलांना नको. तिथे आम्ही दोघीदोघीच काम करतो. माझी मावशी बहिरी आहे, तिला यंत्राची घंटा ऐकू येत नाही. जोडीदारीण तिच्या कोपराला हात लावते, मग तिला कळतं. ही मावशी." आणि तिने कॅमेरा फिरवला! टेबलाशी एक म्हातारी उभी. तिला कळलंही नाही की आपल्याला जग बघतंय. मग भाचीने कोपराला हात लावला, तशी ती वळली आणि हात हलवला सगळ्यांना.

मोठ्या बाई म्हणाल्या, "घडी कंपनीची. ती चारही कोपऱ्यांत सारखीच हवी, तिथे सूट नाही. टोक कुणी धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण सांगितलं तर आम्हाला कळणार ना!" आणि मग त्यांनी कडकच्याच चौकोनाकडे पाहिलं. "तुमच्याकडेही बायका काहीतरी हाक मारायच्या, मला आठवतंय. ते खरंच काही नव्हतं का?"

कडक म्हणाला, "आजी, मला त्या पडद्यावर माझंच तोंड दिसत होतं. इस्त्री केलेलं. मला वाटलं, ह्याच्यावर कुणीतरी ओली चादर टाका." तो नुसता बसून राहिला. त्यांना वाटलं ह्याचा आवाज येत नाही. पुढच्याकडे वळले.

एक बाई आपल्या बहिऱ्या मावशीला जगापुढे उभी करते, मिरवते, आणि आपण आपल्या वहिनीला, जिने पातेल्याने शर्ट दाबून दिला तिला, काचेआड लपवतो. हे त्याचे शब्द, मी माझ्या पदरचं घालत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दुभाषी बाईला फोन लावला. सगळं सांगितलं, धावती, चालती, हाका, वहिनी, डोळे. आपण "काही नाही" म्हणालो तेही. तो धरून बसला होता की आता नोकरी जाते. संध्याकाळच्या आत निरोप आला, मोठ्या बाईंना आनंद झालाय, हव्या त्या टेबलांवरच्या चौकटी काढा, तिथला दिवा जोडीला एकच लावा, आणि एवढंच होतं तर आधी का नाही बोललात?

एवढंच होतं! लढाई नाही, भांडण नाही, विनवणी नाही. नोकरी गेली असती तर बरं वाटलं असतं त्याला, निदान काहीतरी किंमत मोजली म्हणता आलं असतं. दार उघडंच होतं, आणि हाच आपला पाठ टेकून उभा होता त्याला.

तसाच तो वहिनीकडे गेला. मी तिथेच होते, तिचं तेल-मीठ बघायला गेले होते. आता हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

"वहिनी, जोड्या परत लागल्या. तू ये कामावर."

वहिनीचा चेहरा असा उजळला! उठली, चाचपत आली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "भांडलास ना माझ्यासाठी? मी म्हणतच होते. ए, ऐकलंस का, कंपनीशी भांडला माझा पोरगा!"

तिथे गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? मी तर कधीच बोलले नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची.  

"नाही भांडलो," तो म्हणाला. "भांडायचं नव्हतंच. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुमचं काय जपायचं म्हणून. मी म्हटलं, काही नाही."

वहिनीचा हात त्याच्या डोक्यावरच राहिला. मग सावकाश काढून घेतला.

"का रे?"

त्याचा हात कॉलरकडे गेला.

"माझी लाज वाटली?"

आणि बघ, माणूस खोटं बोलायला किती सरावलेला असतो, तरी तेव्हा त्याला "नाही" म्हणवेना. मान खाली घातली. वहिनीला मान खाली घातलेली कुठली दिसणार! म्हणून त्याला तोंडाने म्हणावं लागलं, "हो."

ती खाटेवर बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "शर्टाला सुरकुती चालायची नाही तुला. मीच लावली ती सवय." मग म्हणाली, "जा आता. उन्हं गेली असतील, घरी वाट बघत असतील."

तो गेला. कॉलर एका बाजूला दुमडलेली होती, तशीच.

वहिनी कामावर आली. मला वाटलं नव्हतं येईल. आली आणि टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "काय गं, शिंकणार असशील तर आधी सांग." मग काय, "ताण, ये, घे." दोघींना मिळून एक दिवा. ती आता कुठला रंग ते विचारत नाही. मी सांगतही नाही.

कडक आता काचेच्या खोलीचं दार उघडं ठेवतो. कुणी कंपनीचं आलं की पहिल्यांदा आमच्या टेबलापाशी आणून म्हणतो, "ह्या माझ्या वहिनी. ह्यांना दिसत नाही. ह्यांनी मला वाढवलं." म्हणताना त्याचे कान लालबुंद होतात. पूर्वी तिची लाज वाटायची, आता स्वतःची वाटते. मी म्हटलं त्याला, "अरे पुरे, दर वेळी काय तेच!" तर म्हणतो, "आजी, तेव्हा एकदा म्हणायचं होतं, ते राहिलं. आता कितीदा म्हटलं तरी ती जागा भरत नाही."

पण सुट्टीचा जेवायला जात नाही गं तो. त्या दिवसापासून एकदाही नाही. गल्लीच्या तोंडाशी येतो, उभा राहतो, आणि परत जातो. भाजीवालीने पाहिलंय त्याला. आणि इकडे वहिनी ताट मांडते, वाट बघते, मग झाकून ठेवते. ती त्याला बोलावणं धाडत नाही, तो पाऊल टाकत नाही. मधे मी मरतेय.

काल तिने घरची चादर धुतली. वाळली, काढली, आणि एकटीच अंगणात उभी, हातात दोन टोकं, बाकीची चादर पायाशी. मी म्हटलं, दे इकडे, मी धरते. तर म्हणाली, "तू कारखान्यात धरतेस तेवढं पुरे. हे टोक त्याचं आहे." माफ केलं असं ती म्हणाली नाही, हं. तसलं काही लिहू नकोस. एवढंच म्हणाली.

तर पोरी, हे लिहिलंस ते घडी घालून घे, आणि उद्या कारखान्यात जाशील माझा डबा द्यायला तेव्हा त्याच्या हातात दे. तो वाचताना लाजेने मरेल, मरू दे थोडा. आणि वाचून झालं की तोंडी सांग त्याला, वहिनीने चादर अजून घडी केलेली नाही, तशीच खाटेवर पडलीये, सुट्टीला ये आणि तुझं टोक धर. आणि म्हणावं, इस्त्रीचा शर्ट घालून येऊ नकोस.